खुडायचा कोणता

आमच्या बेटावर झाडं नाहीत.
म्हणजे चर्चमागे आहेत अकरा, दगडी भिंतीच्या आडोशाला,
तीही वाऱ्याकडे पाठ करून वाढलेली,
पलीकडे कुणीतरी बोलतंय आणि ती ऐकतायत, अशी.

या गावात माझा नवरा आंबा लावतो.

होग्नी वर्षातले सात महिने ट्रॉलरवर, कॉडच्या मागे.
घरी आला की दोन दिवस नुसता झोपतो,
तिसऱ्या दिवशी बंदरावरच्या दुकानात जाऊन
बोटांनी दाबून दाबून फळं निवडतो. दुकानदारीण डोळे वटारते.
गर आमचा, कोय त्याची.
लिचीच्या बिया चार. चारही कुजल्या.
पपईच्या बिया गाळणीत चोळून त्यानं वरची बुळबुळ काढली,
साठेक उगवल्या, आम्ही शेजाऱ्यांना बोलावलं,
आणि एका रात्रीत साठांनीही माना टाकल्या.
त्या आठवड्यात तो कुणाशी धड बोलला नाही.

मग मिंडानं आंबा आणला.
ती माझ्याबरोबर साल्मनच्या कारखान्यात, शेजारच्या पट्ट्यावर,
माहेर फिलिपिन्समधल्या एका बेटावर, जिथे झाडं मोजत नाहीत.
पिवळा, चपटा, मोज्यात गुंडाळून आणलेला तो एक आंबा
आम्ही बेसिनवर वाकून खाल्ला. कोपरापर्यंत ओघळ.

मासे सोलायच्या सुरीनं होग्नीनं कोयीची कड उचकटली,
इतकी हळू, की मला त्या हाताची ओळख पटेना:
हाच तो, ज्याचं एक बोट दोरखंडानं नेलंय.
आतली फिकट बी ओल्या टिश्यूत, टिश्यू पिशवीत,
पिशवी बॉयलरवर. वर पेननं तारीख.
दुसऱ्या दिवशी तो समुद्रावर गेला
आणि पिशवी माझ्या गळ्यात पडली.

रोज उघडून बघायचं नाही, असं बजावून गेला होता.
मी रोज उघडून बघितलं.
सोळाव्या दिवशी मूळ, गोगलगाईच्या मानेसारखं.
कुंडीत लावल्यावर कोंब आला. मग दुसरा.
आणि दोघांच्या बगलेतून, उशिरा,
काडेपेटीतल्या काडीएवढा तिसरा.

फोनवर आवाज तुटत होता:
"जाड असेल तो ठेव... बाकीचे खुड...
एका कुंडीत तीन... जगत नाहीत."

मिंडा कॉफी प्यायला आली, कुंडीवर वाकली आणि हसली.
"हे दोन जाडे म्हणजे त्यांची आईच, पुन्हा.
जशीच्या तशी. बाप नाहीच त्यांना.
तो मरतुकडा आहे ना,
त्याच्यासाठी कुठलीतरी माशी फुलावर बसली असणार."
"नक्की?"
"माझे वडील म्हणायचे. आंब्याचं नक्की काय सांगणार?"
आणि तिनं साखर मागितली.

ती गेल्यावर मी नखं लावून उभी राहिले.
तीन वाजले होते, बाहेर अंधार पडलेला.
काडी इतकी मऊ, की चिमटीत आहे हेही कळत नव्हतं.
सुन्वा टेबलावर गृहपाठ करत होती, डाव्या हातानं,
आमच्या दोन्ही घरांत डावखुरं कुणी नाही.
"आई, काय करतेयस?"
"काही नाही. धूळ झटकतेय."

होग्नीला कळवलं: खुडले.
लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
मोठं खोटं बोलायची वेळ आली नव्हती, ती आंब्यापायी आली.
काडी मुळासकट सोडवून दह्याच्या डब्यात लावली,
धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनवर,
कपडे पिळताना डबा थरथरायचा
आणि मी वरून हात ठेवून उभी राहायचे.

मार्चमध्ये तो आला. डिझेलचा वास, दाढीत मीठ.
कपडे टाकायला धुण्याच्या खोलीत गेला
आणि बराच वेळ बाहेर आला नाही.
मी दारात जाऊन बघितलं:
काडीला एक पान आलेलं, तांब्याच्या रंगाचं, ओलं दिसणारं,
अजून धड उलगडलेलंही नाही.
तो डबा उचलून खिडकीच्या उजेडात
इंच-इंच फिरवत होता.

"याला पाणी किती घालतेस?" एवढंच विचारलं
आणि जाऊन झोपला. दोन दिवस.