उणे एकशे अठ्ठावीस

सावईवेऱ्याला, कुळागराच्या वरच्या अंगाला,
मथुराबाईंच्या ओसरीवर तीन डबे मांडून बसले आहे.
एक माझा, जुना, हप्ते फिटलेला.
एक पणजीच्या दुकानातून चार दिवसांसाठी आणलेला,
ओरखडा पडला तर विकत घ्यायच्या बोलीवर.
तिसरा इनासियुचा. मडगावचा इनासियु
चर्चमधला कॉयर टिपतो, आणि डिसेंबरात
लिस्बनहून येणारे चार व्हायोलिनवाले.
हा प्री-अ‍ॅम्प घेतला तेव्हा बायको
महिनाभर बोलली नव्हती म्हणे.

"कितल्याक गो हें?" मथुराबाई विचारतात.
मी आकडा सांगते.
"म्हणजे म्हैस. वासरासकट."

रिबनचा मायक्रोफोन, अतिशय लाजरा,
साठ डेसिबल उचलून धरावं तेव्हा तोंड उघडतो.
आणि उचलताना गाळही वर येतो,
एप्रिलच्या विहिरीत घागर तळाला टेकली की
येतो तसा.

म्हणून आधी त्याला काढून ठेवते.
त्याच्या जागी दीडशे ओहमचा रेझिस्टर,
तांदळाच्या दाण्याएवढा,
आणि ऐकत बसते
कोणी काही म्हणत नसताना
कुठला डबा काय बोलतो.

माझा: सुपात कणी पाखडावी तसा.
दुकानातला: माडांत वारा, पण दोन भाटं सोडून.
इनासियुचा
थांबा,
पाटाचं पाणी कानात शिरलं, हेडफोनच्या बाहेरून.
पुन्हा.
इनासियुचा: काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं
माझंच रक्त, कानशिलातलं.

दोन्ही कागदांवर छापलंय उणे एकशे अठ्ठावीस.
दुकानदारानं त्यावर बोट ठेवून शपथ घेतली होती.

मथुराबाई एक्याऐंशी वर्षांच्या.
चोपन्न वर्षं गाणाऱ्यांच्या पाठीमागे, उजव्या हाताला,
तानपुरा मांडीवर.
देवळाच्या चौकात, गणपतीत, एकदा रेडिओवर.
फोटोत अर्ध्या.
घरात एकच कॅसेट. तिच्यात
बुवांचा आवाज, तबला, कोणाचा तरी खोकला,
आणि सगळ्याखाली एक अखंड स्स्स्स.
"ती मी," त्या नातवंडांना सांगत आल्या.
मी काही बोलले नाही.
टेपची खरखर ओळखायला मला शिकवलंय,
ती कोणाची तरी आजी असते हे नव्हतं शिकवलेलं.

फ्रिज बंद केला. पंखा बंद.
शेजारच्या पंपासाठी शेजाऱ्याला चहा पाजला.
इनासियुचा डबा लावला, तारा जुळवून झाल्या,
जव्हारीचा दोरा केसभर सरकवून
बाईंनी मान हलवली,
आणि सव्वानऊला दिवे गेले.

अशी शांतता पैसे देऊन मिळत नाही.
पण इनासियुचा डबा भिंतीतल्या विजेवर चालतो.
मेला.
दुकानातला लॅपटॉपच्या पोटावर जगतो.
अंधारात, दातांत टॉर्च धरून, वायर बदलली.
"जालें?"
"जालें."

अकरा मिनिटं.
पंचम, जोड, खर्ज.
माडांतला वारा होताच, दोन भाटं सोडून.
पण त्याच्या वर स्पष्ट
बोट तारेवर टेकल्याचं, तार सोडल्याचं,
बांगडी भोपळ्याला लागू नये म्हणून
मनगट वळवल्याचं;
खर्ज विझत जातो आणि विझत नाही, तिथे
एक श्वास, नाकातून, किंचित अडलेला.

मेणबत्तीत हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले.
अंबाडा आडवा आला, पट्टा सैल केला.
खूप वेळ.
मग म्हणाल्या, "ही कोण बसलीय?"
आणि लगेच, जरा चिडून:
"जोडीतली दुसरी तार उतरलीय. तुला कळलं नाही?"

नव्हतं कळलं.
दिवे येईपर्यंत त्यांनी ती चढवली,
पुन्हा अकरा मिनिटं.

दुकानातला डबा उद्या परत द्यायचा.
डाव्या कोपऱ्यावर ओरखडा आहे.
अंधारात कधी पडला
कोणालाच ऐकू आलं नाही.