माशी

आमच्यात तिला माशी म्हणतात.
नळीच्या टोकावर बसलेली, काळी, इवलीशी,
अकरा वर्षांत एकदाही न उडालेली.

या उन्हाळ्यात ती एकाची दोन झाली.
आधी वाटलं घाम, मग वाटलं ऊन;
नागपूरचं मे महिन्यातलं ऊन कशाचंही दोन करतं.
धरमपेठेतल्या चष्मेवाल्याने कार्ड जवळ धरलं, लांब धरलं,
म्हणाला, एक्कावन्न ना मॅडम?
आणि उजव्या डोळ्यापुरती एक काच दिली,
नळीच्या टोकापर्यंतच पाहणारी.
पलीकडचं तुमचं तुम्ही.

तेव्हा दिसलं की तिची वरची कड झिजली आहे,
पेटीत घासून, कापडाने पुसून, माझ्याच हाताने.
गोळ्या आठाच्या कड्यात, बाराच्या काट्यावर.
मागचा स्क्रू तळाला टेकलेला.

लांजेवार मास्तर चौतीस वर्षं आयुध निर्माणीत होते.
आता इतवारीत, लायसनवाल्या दुकानाच्या मागच्या खोलीत,
एक स्टूल, एक व्हाइस, एक टेबलफॅन जो फक्त भिंतीला वारा घालतो.
चक्र उघडून रिकामं दाखवलं
मला, मग स्वतःला, मग पुन्हा मला.
मग परवान्याची वही. मग चहा.

"वर जाते नं? मंग माशी उंच कराची."
उंच?
"उलटंच हाये बाप्पा सारं. पुढचं वर गेलं का मार खाली येते.
अन् इथं केसभर, तं तिथं बोटभर."

काचेवर पाती मांडली.
रुंद होती ती मागच्या खाचेत अशी बसली
की शेअर ऑटोत चौथा शिरावा,
दोन्ही अंगांना उजेडाला जागाच नाही.
लाल ठिपक्याची मला आवडली होती;
"हे दिसाले चांगली," म्हणत त्यांनी ती डबीत परत टाकली.
मग अडीच मिलिमीटरची, उंच, किडकिडीत,
जिच्या डाव्या-उजव्या बाजूला उजेडाची एकेक पट्टी
सारखी उभी राहिली.
मास्तरांनी व्हर्निअर पुसला.
"एवढी बारीक कोनी घेत नाही, प्रज्ञा.
पन डोळा तुहा हाये."

पिन निघेना. तेल सोडलं, थांबलो.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून नळी व्हाइसमध्ये,
बारीक पंच, हातोडीचे तीन ठोके, चौथा जरा चिडून,
आणि जुनं पातं टेबलावर पडलं.
मी ते पर्समध्ये टाकलं, सुट्या पैशांत.

टोकावर नुसती खाच.
उगीच भिंतीवर नेम धरून पाहिला.
सगळी भिंतच लागत होती.

नवी घट्ट येत होती. मी म्हटलं, खाच थोडी मोठी करा.
मास्तरांनी असं पाहिलं की मी चहाचा कप उचलला, रिकामाच.
"खाच रिव्हॉल्व्हरची हाये. घासाचं थे माशीले."
पिन बसल्यावर तिच्या डोक्यावर माझ्याच नेलपॉलिशचा
एक मरून थेंब. सरकली तर कळेल.

सकाळी सहाला, काटोल रोडपलीकडच्या रेंजवर
पाच गोळ्या. सगळ्या खाली, सातात. मुद्दाम.
कानस उतरवते, चढवत नाही.
रिकामं केलं, दोन हात मारले, पाच गोळ्या.
एक हात, पाच गोळ्या.
दहाच्या जरा खालच्या अंगाला एक मूठ भोकं.
अजून एक हात?
"ऱ्हाऊ दे. ऊन चढलं का मार बी चढते."

घासलेली कड चांदीसारखी चमकत होती.
स्टीलच्या झाकणात कापराची वडी पेटवली
आणि रिकामी नळी त्यांनी धुरावर धरली,
बाळाच्या डोळ्यासाठी काजळ धरावं तशी.
चमक गेली.

मग मी एकटीने हात उचलला.
आणि खरी माशी येऊन बसली,
नेमकी काळ्या कडेवर, पुढचे पाय चोळत.
पंखांच्या शिरासुद्धा दिसल्या.
मागे पंचवीस मीटरवर कागद धुरकट,
असायला हवा तेवढाच.

नियमाप्रमाणे बोट बाहेर,
हात खाली.
थांबले.