ठाव

एव्हर्ट एक्क्याण्णव वर्षांचा आहे.
सोळाव्या वर्षी याच नदीत त्यानं सुरुंग पेरले,
ओंडके समुद्राकडे वाहायचे,
मध्ये दगड नको होते.
"एका उन्हाळ्यात एकशे बारा," तो सांगतो
आणि हाताकडे बघतो,
उरलेल्या आठ बोटांकडे.

नदी मग सरळ झाली,
शाळेत निघालेल्या मुलीच्या भांगासारखी.
मासे कधी गेले,
जाताना कुणी पाहिले नाहीत.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दगड परत ठेवले.
सिक्सटेन यंत्राच्या पंजात एकेक उचलायचा,
झोपलेलं मूल खाटेवर ठेवावं तसा टेकवायचा.
मी काठावर, हातात नकाशा:
थोडा डावीकडे. अजून. बस.
दोन पाइन मुळांसकट आडवे टाकले, तारेनं जखडले.
कागदावर सगळं नीट बसत होतं.

मे महिन्यात बर्फ वितळलं.
तीन आठवडे नदी कुणाचं ऐकत नव्हती.
जूनमध्ये छातीपर्यंतचे बूट चढवून उतरले,
मोजपट्टी तळाला टेकवायला गेले
तर तळ नव्हता.
एक मीटर चाळीस, तेव्हा कुठे टेकली.

पायाखालची वाळू सरकणं
ही मला नुसती बोलायची रीत वाटायची.

पाणी दगडाशी समोरून भांडत नाही.
धडकतं, खाली वाकतं,
आणि त्याच्याच पायाशी उकरत बसतं
रात्रंदिवस,
हाड पुरलेली जागा विसरलेल्या कुत्र्यासारखं.

सातवा दगड सापडेना.
खाली पार पुलापर्यंत शोधला.
सिक्सटेन म्हणाला, वरच्या अंगाला बघ.
सात टनांचा तो धोंडा
प्रवाहाच्या उलट कलंडून
स्वतःमुळे पडलेल्या खड्ड्यात
तोंडघशी पडला होता.

अहवालात दोनच रकाने:
जागेवर आहे. वाहून गेला.
मी पेन्सिल चावत राहिले.

आणि एक पाइन तारेसकट फिरला होता.
त्यानं वळवलेल्या पाण्यानं
एव्हर्टच्या सौनाखालचा काठ तीन पावलं खाल्ला.
दार आता थेट नदीवर उघडतं.
मी माफी मागायला गेले, भरपाईचा अर्ज घेऊन.
तो म्हणाला, "बरं झालं, गुडघे दुखतात.
आता चालायला नको."

मग उंबऱ्यावर पालथा पडला,
मला पाय धरायला लावले
आणि खाली वाकून बघत राहिला
जिथं पाणी हिरवं होत होत काळं होतं.
खालच्या अंगाला उकरलेली रेव पसरली होती,
अक्रोडाएवढे गोटे, धुतलेले, मोकळे,
ट्राउटला अंड्यांसाठी लागतात तसे.
मासा अजून एकही नाही. खोटं कशाला लिहू.

"इथं डोह होता," एव्हर्ट म्हणाला.
"आई ओरडायची, तिकडे जाऊ नका, ठाव नाही.
नाव होतं त्याला."

त्याच्या पिंढऱ्या माझ्या हातात थरथरत होत्या.
"थांब," तो म्हणाला,
"सोडू नकोस,
आठवेल."