अक्षरी बावीस रुपये

गणेशपूरच्या वळणावर, पलटणीच्या मैदानातला बिगुल ऐकू येईल
इतक्या अंतरावर माझं पत्र्याचं दुकान.
इलकलचा तांबडा, कनकपुऱ्याचा काळा.
अक्षरी बावीस रुपये. काना, मात्रा, वेलांटी फुकट.
जोडाक्षराला दोन धरतो,
म्हणून 'स्वर्गीय' महाग पडतं.

बाहेर भिंतीला टेकलेले पाच-सहा दगड, वाया गेलेले.
एकाचा नंबर चुकला, एकाचं गाव.
एकावर मराठी कोरून झाल्यावर निरोप आला, वर कन्नड पाहिजे,
आणि वर जागा नव्हती.
त्याच्यावर आम्ही कपडे धुतो.

वडील होते तेव्हा एक म्हातारे सुभेदार यायचे, लगमाण्णा कडोलकर.
इटलीत लढून आलेले.
बशीतला चहा फुंकत एकच गोष्ट सांगायचे:
सेनिओ नदीच्या बांधाला कुणाचा तरी गोठा,
गोठ्याच्या पायरीवरचा चिखल खरवडला तर खाली अक्षरं.
कॅप्टनसाहेब गुडघ्यावर बसले, बोट फिरवत वाचत गेले.
फ्लाविउस अमुक. तमुक पलटण.
जगला चाळीस वर्षं, नोकरी वीस.
बायकोनं स्वतःच्या पैशानं बसवला.
ही कबर जो उघडेल त्यानं सरकारात सोनं भरावं.
"दीड हजार वर्षं झाली रे पोरा,
आणि नोकरी अजून मोजलेली!
पेन्शनचा कागदच की तो."

वडील म्हणायचे, दंडाचं आपल्याकडंबी आहे.
बांधावर गाढवाचा दगड असतो,
दान मोडणाऱ्याच्या आईला शिवी,
आणि शिवीच्या वर चंद्रसूर्य.

देवळामागं वीरगळही आहे.
खाली पडलेला गडी, मधे त्याला नेणाऱ्या बाया,
वर तोच, पिंडीसमोर मांडी घालून.
नाव असेल. जुनं कन्नड, तेलाच्या थराखाली.
एका लग्नात त्याच्यावर हळद कुटलेली मी बघितली आहे.

मंगळवारी मालन आली, कुद्रेमानीची.
बरोबर दीर, आणि पंचायतीनं लिहून दिलेला कागद.
वर आमदार, त्यांच्याखाली माजी आमदार,
शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, सौजन्य,
उरलेल्या जागेत नाईक भरमा नागोजी तारीहाळकर.
मी पेन्सिल टेकवत मोजलं. दोनशे अकरा.
त्यातली त्याची पंधरा.

"बसवणाऱ्याचं नाव घालत्यात काय?" तिनं विचारलं.
"आमदारांचं आहे की."
"पैसं मी भरूलोय."
दीर तंबाखू मळत बाहेर गेला
आणि वाया गेलेले दगड वाचत उभा राहिला.

मी कागद उलटा केला.
सुभेदारांची गोष्ट तिला सांगितली नाही,
तिच्या मापानं लिहीत गेलो:

भरमा नागोजी तारीहाळकर
नाईक. वय छत्तीस. नोकरी सोळा.
हा दगड मालननं बसवला,
स्वतःच्या पैशानं.

तिनं ओठ हलवत वाचलं.
"नोकरी सोळा," परत म्हणाली. "त्यात घरात किती, ते नाही घालत?"
मी गप्प.
"नको. ऱ्हाऊ दे. जास्ती होत नाही ते."

मग मी विचारलं, खाली दंडाची ओळ घालायची का,
रस्ता रुंद होतो, शाळा वाढते,
दगड उपटतात लोक, पायरीला लावतात.
शिवी, शाप, सोनं, काय पाहिजे ते.
बराच वेळ ती तांबड्या ग्रॅनाइटवर तळहात ठेवून बसली.
मैदानात कुणीतरी पोरांना डावा-उजवा शिकवत होतं.

"हलवलात तर परत बसवा.
एवढंच लिवून सोडा."

तेरा अक्षरं. तिनं त्याचेही पैसे मोजले,
पदराच्या गाठीतले, दहा-दहाच्या नोटा.
पायरीवरून वळली.
"तेवढी ओळ कन्नडमधीबी घाला.
हलवणारा कोण असंल, काय म्हाईत."

ती ओळ आमचा ईरण्णा कोरतो आहे,
आज दुसरा दिवस.
कन्नडची अक्षरं गोल.
गोलाईला छिन्नी हळू धरावी लागते.