मार्जिन

मस्कासाथच्या बोळीत एकतीस वर्षं ब्लाउज शिवले.
कापडाला कात्री लावताना हात थरथरला नाही कधी.
मेडिकलच्या वॉर्डात, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी,
डॉक्टर मुक्तेवारबाईंनी माझ्या गालावरून मानेपर्यंत
जांभळ्या पेनानं रेघ ओढली
तेव्हा विचारलं, "बाई, मार्जिन किती?"

पेन हातातच राहिला त्यांचा.
"सेंटिमीटरभर. चारी बाजूंनी.
तुम्हाला कसं ठाऊक?"

आमचं मार्जिन आत राहतं, बाई.
शिवणीच्या मागे दुमडलेलं,
बाळंतपणानंतर उसवायला.
तुमचं बाहेर जातं,
चांगलं असूनही,
वाईटाच्या शेजारी राहत होतं म्हणून.
हे मनात. तोंड दोनच बोटं उघडत होतं,
शब्द जपून वापरत होतो.

खर्रा. दुसरं काय.
दिवसाला सहा पुड्या, पन्नीत घोटलेल्या.
गालात पुडी, ओठांत टाचण्या,
गिऱ्हाइकाशी बोलणं नाकातून.
वेणू म्हणायची, "जेवायले जागा उरली का जी तोंडात?"

नऊ तास लागले.
जबड्याचं डावं हाड, पाच दात, मानेतल्या बत्तीस गाठी.
बत्तीस. पाटीवर लिहून दोनदा विचारलं.
एकीत सापडला.
छातीचं कातडं मांसासकट वर ओढून
गालाला आतून अस्तर लावलं.
आरसा दिला तेव्हा चेहरा नंतर पाहिला,
आधी शिवण.
टाके सारखे. ताण बरोबर.
जबड्याच्या कोपऱ्यात तेवढी चुणी पडलीय.
पडणारच. मुंढ्याचा गोलवा
मलाही दर वेळी साधत नाही.

शेजारी बेड अकरा.
उमरेडचा सुखदेव लांजेवार, ट्रक चालवायचा, वय चौतीस.
नाकातल्या नळीतून डाळीचं पाणी घेत
एकमेकांना अंगठा दाखवायचो.
दोघांचे कागद एकाच दिवशी आले.
मार्जिन क्लिअर. तोच शिक्का, तीच सही.
सातव्या महिन्यात त्याच्या मानेत परतला.
पोळ्याच्या आधीच गेला.

मी पाटीवर लिहिलं, काहून?
बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही, निनावेजी."
एवढी शिकलेली बाई, आणि माहीत नाही म्हणाली.
माझा भरवसा बसला तो त्या दिवशी,
ऑपरेशनच्या दिवशी नाही.

आता तीन वर्षं दोन महिने.
वरण-भात कालवून गिळतो.
सावजीच्या दुकानावरून जाताना जरा हळू चालतो,
वासाला नळी लागत नाही.
छातीचे केस गालाच्या आत उगवायचे,
शेकानं जळाले, दोनचार अजून टोचतात.
ओठ पुरता मिटत नाही.
प, ब, म निसटतात.
मोरेश्वर निनावेचा ओरेश्वर झालो,
ब्लाउजचा लाउज.
पोरी हसतात. हसू देत. कापड तर माझ्याकडेच आणतात.

टाचण्या आता लोहचुंबकाला,
जुन्या रेडिओतून काढलेल्या.
दोऱ्याचं मात्र काही जमेना.
शेकानं थुंकी आटवली, टोक ओलं होईना.
मग वेणू भाकरी थापता थापता येते,
पिठाचे हात बाजूला धरून
तोंड पुढे करते, मी दोरा तिच्या ओठांत देतो.
ओवतो मी.
याबद्दल आम्ही कधी काही बोललो नाही.

गेल्या सोमवारी मुक्तेवारबाई दुकानात आल्या.
पुतणीचं लग्न, मोरपंखी चंदेरी.
टेप माझ्या हातात, त्या उभ्या,
श्वास रोखून, पेशंटसारख्या.
परवा ब्लाउज न्यायला आल्या, उलटा करून पाहिला.
"निनावेजी, आत दोन दोन इंच? एवढं कशाला?"

भिंतीवर खडूनं पुढच्या तपासणीची तारीख आहे.
तिच्या खाली मागच्या बारा, खोडलेल्या.
त्यांची नजर तिकडे गेली, की मला तसं वाटलं.

"राहू द्या," म्हणालो.
हे दोन शब्द मला अजून
अगदी स्वच्छ येतात.