ग्राफ पेपर

कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी
शेठ म्हणाले, पगाराचं बघू, तोवर काय न्यायचं ते न्या.
नरसय्यानं पंखा उतरवला. कुणी मोटार नेली.
मी ग्राफ पेपरचा गठ्ठा उचलला,
कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर चहाचा डाग,
सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधला
आणि अक्कलकोट रोडनं घरी आलो.

सव्वीस वर्षं ह्याच कागदावर मोर काढले.
मोर, कमळ, वेलबुट्टी,
एकदा कुणाचं तरी निवडणुकीचं चिन्ह.
चौकोन भरला की धागा वर,
रिकामा सोडला की खाली.
ह्याच्या पलीकडं चादरीत गूढ असं काही नसतं.

चौपन्नाव्या वर्षी वाटलं, ह्यावर स्वतःला काढून बघावं.
एक चौकोन, एक दिवस.
घरात आम्ही भांडतो तेलुगूत, हिशेब करतो मराठीत,
म्हणून यादी मराठीत लिहिली.

तंबाखू बंद.
(लिहिताना शेजारी राजमणी सूप मांडीवर घेऊन
हजारातली सातशेवी विडी वळत होती.)
कॉम्प्युटरवरचं डिझाईन शिकणे, इरेशकडून.
इरेश आमच्याकडं चहा आणायचा.
आता मान खाली घालून मला सर म्हणतो
आणि माऊस हळूच माझ्या हाताखाली सरकवतो.
सकाळी कंबर तलावापर्यंत चालणे.
मग बराच वेळ पेन्सिल नुसती धरून बसलो,
आणि शेवटी:
राजमणीशी हळू बोलणे.

मागाच्या खडखडाटात सगळेच ओरडतात.
तिथं 'कांडी दे' आणि 'आग लागली' एकाच पट्टीत.
तो आवाज मी रोज डब्याबरोबर घरी आणला.
मुलगी लहान असताना मी दारात दिसलो की रेडिओ बंद करायची,
दोन-दोन आवाज नकोत म्हणून.

तंबाखूनं अकरा चौकोन भरले, बारावा उन्हात गेला.
चालणं बरं चाललंय.
हळू बोलण्याचं मात्र असं झालं,
पहिल्या दिवशी म्हणालो, जेवलीस का?
तिनं कात्री थांबवून विचारलं, ताप आहे का अंगात?

खरी अडचण वेगळीच निघाली.
हळू बोललेलं मलाच ऐकू येत नाही.
माझे कान मागानं ठेवून घेतलेत,
थकलेल्या पगारासारखे.
म्हणून आता बोलतो आणि तिच्या तोंडाकडं बघतो.
वाक्य पोचलं का, फार जोरात गेलं का,
ते तिथं दिसतं.
लग्नाला तीस वर्षं झाली, एवढं बघितलं नव्हतं.
डाव्या भुवईत एक व्रण आहे.
विचारलं कधीचा, तर म्हणाली,
पहिल्यापासूनच की.

परवा पहाटे तीनला नळ आला, पाच दिवसांनी.
मी अख्खी गल्ली उठेल असा ओरडलो.

सकाळी चौकोन रिकामा सोडून उठत होतो,
तर तिनं पेन्सिल मागितली.
पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून पक्का झालेला हात,
तिनं चौकोन निम्मा भरला, तिरका.
"पाणी आल्यावर ओरडावंच लागतं," म्हणाली.

म्हटलं, निम्मा चालत नाही.
धागा वर तरी जातो, नाही तर खाली.
जेकार्डला निम्मं भोक कळत नाही.

"मी काय जेकार्ड आहे?"
असं म्हणून पेन्सिल केसांत खोचून
ती हंड्यांवर झाकणं ठेवायला गेली.