मानेपर्यंत

मार्चची नऊ तारीख. द्विना नदी अजून घट्ट,
माणसं तिच्यावरून पायी पलीकडे जातात,
आणि तिसऱ्या मजल्यावर रिम्मा साव्वात्येव्नाच्या खिडकीत
उन्हाळा सुरू होऊन आठवडा झालाय.

दुधाची कापलेली खोकी, दह्याचे डबे,
एका फुटक्या किटलीत मिरची.
मिरची फेब्रुवारीतच पेरायची, ती सांगते, आळशी असते.
काचेच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या,
बाहेरचा वारा कोवळ्या देठांना डसू नये म्हणून.
वर दोन ट्यूबलाइट, साखळीला टांगलेल्या.
रोपं बोटभर वाढली की साखळी एक कडी वर.
"दिवा लांब गेला की धावत सुटतात त्याच्यामागे,
उंच होतात नुसती, अंगात जीव नाही.
माझा पहिला नवरा तसलाच होता."

पाणी वरून घालायचं नाही, खालच्या बशीत घालायचं,
आणि मातीत बोट खुपसून बघितल्याशिवाय तर नाहीच.
गेल्या वर्षी लाड जास्त झाले,
एका रात्रीत अख्खी ओळ बुडाशी काळी पडून आडवी.
रोज सकाळी ती शेंड्यांवरून तळहात फिरवते, हलकेच,
मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
घरात वारा नाही ना, मग मीच वारा.
जिन्यात भेटली तरी हाताला तो वास,
हिरवा, थोडा कडवट.

मी बंदरात क्रेन चालवते. ओंडके उचलते.
बियाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही,
म्हणूनच तिनं मला बोलावलं असणार त्या रविवारी.
एकेका खोक्यात तीन-तीन उगवलेली, एकच ठेवायचं.
नखं कापायची कात्री माझ्या हातात दिली
आणि स्वतः गॅसकडे तोंड करून उभी राहिली.
"तू कर, तैस्या. तुझी ओळख नाही त्यांच्याशी."

कात्रीचा आवाजसुद्धा येत नाही.
एक्केचाळीस. का मोजली, माहीत नाही.
बेचाळिसावं वाकडं, बियाचं टरफल अजून डोक्यावर,
टोपी काढायला विसरलेल्या पाहुण्यासारखं.
ते मी चमच्यानं मातीसकट उपसलं, काडेपेटीत ठेवलं
आणि चोरासारखी पाचव्या मजल्यावर आले.

माझ्या खिडकीत ना दिवा, ना साखळी.
एप्रिलभर ते काचेकडे धावलं.
मे सरता सरता हातभर लांब, पांढुरकं,
पेन्सिलीला दोऱ्यानं बांधलेलं.
खालची मंडळी तोवर बाल्कनीत बसू लागली होती,
पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन,
तिसऱ्या दिवशी गारा,
आणि खोकी आत ओढणाऱ्या रिम्माच्या शिव्या
पार छपरापर्यंत.

सहा जूनला ती साखर मागायला वर आली
आणि खिडकीपाशी थबकली.
"बशीत एक्केचाळीसच होते," एवढंच म्हणाली.
पेन्सिल सोडवली. देठ दोन बोटांत धरून बघितला.
"खड्डा आडवा खण. खालची पानं खुड.
निजव त्याला, मानेपर्यंत पुर.
टोमॅटोचं बरं असतं,
जेवढा देठ मातीखाली, तेवढ्याला मुळं."

दारातून परत वळली.
"नदीपलीकडे माझ्या काचघरात कोपऱ्याला
एक जागा आहे. शनिवारी पहिली बोट सातला.
साखर राहू दे."